बंगाली नाती: आधी माणूस मांडा, मग शब्द शिका

लग्नानंतरच्या पहिल्या दुर्गापूजेत मी नवऱ्याच्या चुलतीला 'काकू' अशी हाक मारली आणि 'ओ' आली ती चुलत्यांकडून. बंगालीत काकू हा पुरुष असतो, वडिलांचा धाकटा भाऊ. तेव्हापासून कोणाचं सासर बंगाली, कोणाची सून बंगाली, कोणाची बदली कोलकात्याला, अशी माणसं माझ्याकडे नात्यांची यादी मागतात. यादी मिळाली की पाठ करतात, आणि पहिल्याच भेटीत चुकतात.

दोष त्यांच्या पाठांतराचा नसतो. यादीच्या डाव्या बाजूला मराठी शब्द असतो, तिथेच घात होतो. आजी, काका, वहिनी, दीर, भाचा या आपल्या शब्दांत जेवढी माणसं मावतात तेवढी बंगाली शब्दांत मावत नाहीत. कधी एका मराठी शब्दाचे दोन बंगाली शब्द होतात, कधी उलट. म्हणून खालचा क्रम मोडू नका. शब्द पाठ करायची घाई तर मुळीच नको.

## तयारी: एक प्रश्न, दोन कागद

पहिला प्रश्न त्या घरातल्या कोणालाही विचारा: 'तुमच्याकडे आजीला काय म्हणतात?' उत्तर ठाकुमा, ठाम्मा किंवा दिदा असं आलं तर पुढचे सगळे टप्पे तुमच्यासाठी आहेत. दादी किंवा नानी असं आलं तर तो बंगाली मुस्लिम घरांचा संच. बांगलादेशात तोच जास्त कानावर पडतो आणि पश्चिम बंगालमधल्या मुस्लिम घरांतही असतो. त्यात आब्बा-आम्मा, दादा-दादी, नाना-नानी, चाचा-चाची, फुफू-फुफा (आत्या आणि तिचे यजमान), खाला-खालू (मावशी आणि तिचे यजमान), मामा-मामी, थोरला भाऊ भाइया, थोरली बहीण आपा, वहिनी भाबी, थोरल्या बहिणीचा नवरा दुलाभाइ. हिंदी येणाऱ्या मराठी माणसाला हा संच लवकर जमतो.

> सावधान: आंतरजालावरच्या बऱ्याच याद्यांत हे दोन्ही संच एकत्र कालवलेले असतात. 'दादा' हा शब्द एका संचात थोरला भाऊ आहे आणि दुसऱ्यात वडिलांचे वडील. संच ठरवल्याशिवाय तो तोंडातून काढू नका.

आता कागद. पहिल्या कागदावर त्या घराचा वंशवृक्ष काढा. नुसती नावं लिहून भागणार नाही, भावंडांचा जन्मक्रम हवाच: कोण थोरलं, कोण मधलं, कोण धाकटं. दुसऱ्या कागदावर तीन रकाने: माणसाचं नाव, नातं सांगायचा शब्द, समोर असताना मारायची हाक. शेवटचे दोन रकाने अनेकदा जुळत नाहीत. आपल्याकडेही नणंदेला कोणी 'नणंद' अशी हाक मारत नाही.

नावाच्या रकान्यात दोन नावं लिहा. बंगाल्यांचं एक भालोनाम असतं, शाळेत आणि कागदोपत्री चालणारं, आणि एक डाकनाम, घरातलं. नात्याचा शब्द जोडतात तो बहुतेक वेळा डाकनामाला. बाप्पादा, मिठूदी, बुबाइकाकू. भालोनामाला दादा जोडून हाक मारलीत तर घरात कोणी ऑफिसातला माणूस आलाय असं वाटेल.

## टप्पा १: कान आणि जीभ

इथे बंगाली शब्द कोलकात्याकडे ऐकू येतात तसे लिहिले आहेत, बंगाली लिपीतल्या अक्षरांना जागून नव्हे. चार गोष्टी सांभाळल्या तर बाकीचं सवयीने येतं.

१. मोकळा 'अ' जवळजवळ नसतोच. तो ओ होतो किंवा ऑ. लिहितात 'ननद', म्हणतात नॉनोद. लिहितात 'बड', म्हणतात बॉडो.

२. स, श, ष यांचा उच्चार बहुतेक ठिकाणी श. म्हणून मावशी ही माशी आणि आत्या ही पिशी. मराठी कानाला एक घरभर उडणारी वाटते आणि दुसरी वेडीपिशीतली. हसून घ्या एकदा, पण घरीच.

३. 'व' नाही, त्याच्या जागी 'ब' येतो. जोडाक्षरात तो अनेकदा गिळलाच जातो: श्वशुर हा शोशुर होतो आणि स्वामी हा शामी.

४. 'ज' नेहमी जीवनातला, जहाजातला कधीच नाही. जाऊबाईंसाठी बंगाली शब्द आहे 'जा', आणि तो मराठी 'जा, निघ' सारखा उच्चारलात तर परकेपणा लगेच कळतो.

ऱ्हस्व-दीर्घाची चिंता सोडा, बोलण्यात तो भेद पाळत नाहीत.

पडताळा: शोशुर, नॉनोद, पिशी, बॉडो हे चार शब्द मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि एखाद्या बंगाली माणसाला ऐकवा. त्याने भुवई न उंचावता ओळखले तर पुढे जा.

## टप्पा २: चुलीपाशची माणसं

मा आणि बाबा. थोरला भाऊ दादा, थोरली बहीण दिदी. सौरव गांगुलीला 'दादा' म्हणतात ते याच अर्थाने आणि ममता बॅनर्जी 'दिदी' याच अर्थाने, आपल्या दादा-ताईसारखंच.

धाकटा भाऊ भाइ, धाकटी बहीण बोन. मराठीत 'भाई' म्हणताना आपण समोरच्याला थोडं वर चढवतो. बंगाली भाइ धाकटा असतो. वयाने मोठ्या माणसाला 'भाइ' म्हणणं बरं दिसत नाही.

मुलगा छेले, मुलगी मेये. नातू नाति, नात नातनि. इथे एक खड्डा आहे: मराठीत 'नाती' म्हणजे अनेक मुली, बंगालीत नाति म्हणजे एक मुलगा. 'आमच्या नाती आल्या' या चालीवर बोलायला जाल तर ऐकणारा गोंधळेल.

आजी-आजोबांपासून खरा फरक सुरू होतो. वडिलांची आई ठाकुमा किंवा ठाम्मा, आईची आई दिदा किंवा दिदिमा. वडिलांचे वडील ठाकुर्दा, पण हाक मारताना पुष्कळ घरांत दादू. आईचे वडीलही दादूच. म्हणजे आजोबा एका शब्दात निभावतात, आजी निभावत नाही.

> आणखी एक: घरातली मोठी माणसं लहान मुलीला 'मा' आणि लहान मुलाला 'बाबा' म्हणतात, लाडाने. वाक्यात 'बाबा' ऐकलं की वडिलांकडे बघू नका, आधी कोण बोलतंय ते बघा.

## टप्पा ३: आईकडचे की वडिलांकडचे

आता वंशवृक्षाचा कागद पुढे ओढा. वरच्या पिढीतल्या प्रत्येक माणसाला दोन प्रश्न विचारायचे, याच क्रमाने: कोणाकडचा? आणि वडिलांकडचा पुरुष असेल तर वडिलांपेक्षा मोठा की लहान?

१. वडिलांचा थोरला भाऊ जेठू (भारदस्तपणे जॅठामोशाइ), त्याची बायको जेठीमा.
२. वडिलांचा धाकटा भाऊ काका किंवा काकू, त्याची बायको काकीमा.
३. वडिलांची बहीण पिशी, तिचे यजमान पिशेमोशाइ.
४. आईचा भाऊ मामा, त्याची बायको मामी किंवा मामीमा.
५. आईची बहीण माशी, तिचे यजमान मेशो किंवा मेशोमोशाइ.

थोरला-धाकटा हा भेद फक्त वडिलांच्या भावांनाच स्वतंत्र शब्द देतो. मामा, माशी, पिशी कितीही मोठे असले तरी शब्द तोच.

सगळ्यात जास्त चुका जेठू-काकूमध्ये होतात. आपल्याला सगळेच 'काका' असतात, फार तर 'मोठे काका'. बंगाली घरात जेठूंना काका म्हणणं म्हणजे त्यांना तुमच्या वडिलांपेक्षा, किंवा सासऱ्यांपेक्षा, लहान ठरवणं. ते बहुधा हसून सोडून देतील. जेठीमा सोडतील याची खात्री नाही.

दुसरी चूक यजमानांची. आत्याचे यजमान आणि मावशीचे यजमान यांना मराठीत आपण सरसकट 'काका' म्हणून मोकळे होतो; आतोबा, मावसा हे शब्द बऱ्याच घरांतून गेले. बंगालीत पिशेमोशाइ आणि मेशोमोशाइ रोजच्या वापरात आहेत, ते टाळता येत नाहीत.

पडताळा: कागदावरच्या कोणत्याही पाच जणांवर बोट ठेवा आणि शब्दाआधी 'कोणाकडचा' हे मोठ्याने म्हणा. तीन सेकंदांत शब्द आला नाही तर हा टप्पा पुन्हा करा. पुढचा टप्पा याच्यावरच उभा आहे.

## टप्पा ४: बॉडो, मेजो, शेजो, नॉ, छोटो

भावंडं जास्त असली की नात्याआधी क्रम लागतो. थोरला बॉडो, दुसरा मेजो, तिसरा शेजो, चौथा नॉ, शेवटचा छोटो. यातून बॉडोमामा, मेजोमाशी, शेजोपिशी, छोटोकाकू तयार होतात. (नॉकाका म्हणजे भावांत चौथे असलेले काका. 'नाही'साठीचा शब्द 'ना' आहे, त्याच्याशी घोटाळा करू नका.) दादा-दिदीला जोडताना शब्द आखडतात: बॉडदा, मेजदा, शेजदा, छोडदा, बॉडदी, मेजदी, छोडदी. मोठ्या कुटुंबांत क्रम संपला की राङा, फुल अशी विशेषणंही येतात: राङापिशी, फुलदी. ती घरात ज्याला चिकटली त्याचीच.

आता मुख्य मेख. मोजणी त्या भावंडांची असते, तुमच्या काकांची नसते. समजा वडील चार भावांतले दुसरे. मग थोरले झाले जेठू, तिसरे शेजोकाकू आणि चौथे छोटोकाकू. मेजोकाकू कोणीच नाही, कारण मेजो खुद्द वडील आहेत. 'पहिला काका बॉडोकाकू, दुसरा मेजोकाकू' अशी ओळीने पाटी लावणारे इथे हमखास फसतात. बहुतेक घरांत भाऊ भावांत आणि बहिणी बहिणींत मोजतात, पण विचारून घ्या.

हाच माणूस दुसऱ्या बाजूने बघा. थोरल्या भावाची मुलं तुमच्या वडिलांना मेजोकाकू म्हणतील, धाकट्यांची मुलं मेजोजेठू. एकाच अंगणात एकाच माणसाला दोन हाका येत असतील तर दोन्ही बरोबर आहेत.

पडताळा: वडील पाच भावांतले तिसरे असतील तर चौथ्याला काय म्हणाल? नॉकाका. शेजो कोण? तुमचे वडील. हे उत्तर विचार न करता आलं की क्रम जिरला.

## टप्पा ५: सासर

सुनेसाठी आधी. सासरा शोशुर, सासू शाशुडी, नवऱ्याचा थोरला भाऊ भाशुर, धाकटा भाऊ देओर, बहीण नॉनोद, नणंदेचा नवरा नॉन्दाइ, नवऱ्याच्या भावाची बायको जा. नणंद आणि जाऊ ओळखीच्या निघाल्या, पण आपला 'दीर' इथे दोन माणसांत वाटला जातो. भाशुरांशी धाकट्या सुनेने अंतर राखून वागायचं अशी जुनी रीत होती, आणि शब्द वेगळा राहिलाय तो त्या वजनासकट.

जावयासाठी: बायकोचा थोरला भाऊ शॉम्बोन्धी, धाकटा भाऊ शाला, धाकटी बहीण शाली, साडू भायराभाइ. 'शाला' ही बंगालीतही शिवी आहे, अगदी आपल्यासारखी. ओळख करून देताना 'आमार शाला' चालतं. रस्त्यावर नुसतं 'शाला' म्हणाल तर भांडण लागेल.

> सावधान: या टप्प्यातला जवळजवळ एकही शब्द हाक मारायला वापरत नाहीत. बायको किंवा नवरा जी हाक मारतो तीच तुम्ही मारायची. सासू मा, सासरे बाबा, भाशुर दादा, धाकटे सगळे नावाने. अपवाद थोरल्या जावेचा: नवऱ्याची ती बोउदी, तुमची दिदी.

मराठी सुनांसाठी एक खास धोका. आपल्याकडे जुन्या वळणाच्या घरांत सासऱ्यांना मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणतात, कारण मामाच्या किंवा आत्याच्या घरी लग्न लावायची चाल होती. बंगाली हिंदूंत मामेभावंडांत लग्न होत नाही. सासऱ्यांना 'मामा' म्हणालात तर तिथे त्याचा दुसरा कुठलाच अर्थ निघत नाही. तुम्ही नवऱ्याची सख्खी आतेबहीण ठरता.

वहिनीचंही बघा. थोरल्या भावाची बायको बोउदी. धाकट्या भावाची बायको बोउदी नव्हे, तिला नावाने हाक मारतात आणि ओळख करून देताना 'भाइयेर बोउ' म्हणतात. बोउ म्हणजे बायको, बोउमा म्हणजे सून. दिदीचा नवरा जामाइबाबू, आपले भावोजी. जामाइ म्हणजे जावई, आणि ज्येष्ठ शुद्ध षष्ठीला त्याचा स्वतंत्र सण असतो, जामाइ षोष्ठी. जावयांनी हा शब्द आधी शिकावा, जेवण त्यावर अवलंबून आहे. विहीण-व्याही मात्र बेयान-बेयाइ, लगेच लक्षात राहतात.

## टप्पा ६: भाचा कोणाचा?

इथे शिकलेली माणसंही पडतात, विशेषतः बायका. मराठीत बाईला भावाचा मुलगाही भाचाच आणि बहिणीचा मुलगाही भाचाच. बंगाली शब्द मूल कोणाच्या पोटी आलं ते सांगतो.

भावाचा मुलगा भाइपो, मुलगी भाइझि. बोलणारा पुरुष असो की बाई. बाईच्या बहिणीचा मुलगा बोनपो, मुलगी बोनझि. पुरुषाच्या बहिणीची मुलं भाग्ने आणि भाग्नी. पुरुषाची बायकोही नणंदेच्या मुलांना हेच म्हणते. सुनेला भाशुरांचा मुलगा भाशुरपो, देओरचा देओरपो.

म्हणजे मराठी बाई स्वतःच्या भावाच्या मुलाची ओळख 'आमार भाग्ने' अशी करून देते, तेव्हा बंगाली ऐकणारा त्याला तिच्या नणंदेचा मुलगा समजतो. 'भाइपो' म्हणा. हाक या सगळ्यांना नावानेच.

## टप्पा ७: चुलत, आते, मामे, मावस

हा सोपा आहे. मामातो, पिसतुतो, मासतुतो हे आपल्या मामे, आते, मावसशी थेट जुळतात. 'चुलत'चे दोन होतात: जेठूंच्या मुलांसाठी जेठतुतो, काकूंच्या मुलांसाठी खुडतुतो. मुस्लिम घरांच्या संचात चाचातो, फुफातो, खालातो, मामातो. हे शब्द फक्त नातं समजावताना: 'आमार मासतुतो दादा'. समोर असताना तो नुसता दादा.

## टप्पा ८: वाक्यात बसवणं

१. लिंग विसरा. माझा-माझी-माझे या सगळ्यांना एकच 'आमार'. आमार दादा, आमार दिदी. क्रियापदही लिंगाप्रमाणे बदलत नाही.

२. 'मला दोन बहिणी आहेत' हे शब्दशः नेऊ नका. 'आमाके' (मला) इथे चुकीचं. 'आमार दुइ दिदी आर ॲक भाइ', एवढं पुरे, 'आहे' नसलं तरी चालतं.

३. 'चा-ची-चे'साठी 'र' किंवा 'एर': दादार बोउ, बोनेर छेले, मायेर माशी. नातं लांबत जाईल तसा हा र तुमचा जीव वाचवतो. शब्द आठवला नाही तर 'बाबार मामार मेये' असं उलगडून सांगा, कोणी नावं ठेवत नाही.

४. ओळख करून देताना मोठ्यांसाठी 'इनि आमार बॉडोमामा', लहानांसाठी 'ए आमार बोन'. नातं विचारायला 'उनि तोमार के हॉन?' म्हणजे ते तुझे कोण लागतात.

५. तुइ, तुमि, आपनि. मराठी 'तुम्ही'च्या आवाजाला भुलून थोरामोठ्यांना 'तुमि' म्हणू नका. तुमि आपल्या 'तू' आणि 'तुम्ही' यांच्या मधे कुठेतरी बसतं. आदराचं ते आपनि. उलट, आईला आपण 'तू' म्हणतो म्हणून बंगाली सासूला 'तुइ' म्हणणं तर भयंकरच. माशीला बहुतेक मुलं म्हणतात 'तुमि केमोन आछो?', पण नव्या सुनेने किंवा जावयाने सुरुवात 'आपनि केमोन आछेन?' पासून करावी. समोरच्यानेच 'तुमि म्हण' असं सांगितलं की उतरावं.

## टप्पा ९: घराबाहेर आणि पहिली भेट

बाहेर हेच शब्द अनोळखी लोकांना लागतात. बस कंडक्टर दादा, दुकानातल्या बाई दिदी किंवा बोउदी, मित्राचे आईवडील काकू-काकीमा किंवा मेशोमोशाइ-माशिमा. घरकामाला येणाऱ्या बाईंनाही माशी म्हणतात, तेव्हा 'माशी आली' ऐकून पाया पडायला धावू नका. मी धावले होते.

सरावासाठी बिजोयाइतकी चांगली वेळ नाही. दशमीनंतरच्या दिवसांत लोक घरोघरी जातात, थोरांना प्रोणाम करतात आणि गोड खातात. दोन दिवस आधी घरातला अल्बम घ्या, प्रत्येक फोटोवर बोट ठेवून नातं आणि हाक दोन्ही म्हणा. मग कागद खिशात ठेवा, घेऊन जा, पण बाहेर काढू नका.

आणि एक वाक्य मात्र तोंडपाठ हवं: 'आपनाके की बोले डाकबो?' तुम्हाला काय हाक मारू? उत्तर तुमच्या यादीत नसेलच असं नाही, पण बऱ्याचदा नसतं. माझ्या थोरल्या चुलत सासूबाई जेठीमा व्हायला हव्यात; सगळं घर त्यांना भालोमा म्हणतं. कागदाच्या तिसऱ्या रकान्यात मी तेच लिहिलंय.